आठवं काडतूस

१

जगन्नाथ दाबकेच्या टेबलावर त्या बुधवारी दुपारी पिस्तूल साफ करायचं तेल होतं, एक पिवळा फडका होता, पिस्तुलातून काढलेलं, गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन होतं आणि बायकोने आणून दिलेला जेवणाचा डबा होता, न उघडलेला. जगन्नाथ खुर्चीत होता आणि पिस्तूल त्याच्या पायाशी पडलं होतं. त्याच्या ऑफिसात काम करणारी विनीता सँडविच घेऊन परत आली तेव्हा मागचा कॉम्प्रेसर धडधडत होता. सरांचा डोळा लागलाय असंच तिला आधी वाटलं. मग तिला त्यांचा शर्ट दिसला.

एप्रिल १९८८ची ही गोष्ट. सांता क्लारामध्ये आदल्या वर्षापासून कॉम्प्युटरच्या मेमरी चिप्सचा असा तुटवडा पडला होता की चोर दागिने सोडून चिप्सच्या मागे लागले होते. जगन्नाथ आणि त्याचा मित्र श्रीराम वझे यांची भागीदारीत चिप्स विकणारी लहानशी कंपनी होती. एका शेडमध्ये चार खोल्या, एवढाच पसारा. दोघांनी खटपट करून परवाने काढले आणि एकाच दिवशी एकाच दुकानातून एकसारखी दोन पिस्तुलं घेतली.

चार वाजता लायब्ररीत सरला खासनीसला फोन आला. ती तिथे नोकरीला होती, आणि मराठी दुभाषी हवा असला की बोलवायच्या यादीत तिचं एकटीचं नाव होतं. तासाभरात ती दाबकेंच्या घरी पोचली. सोफ्यावर जगन्नाथच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. ऑक्टोबरात नागपूरहून आलेल्या, वय बहात्तर, इंग्रजी अजिबात येत नव्हतं.

सार्जंट हॅलोरन वही उघडून समोर बसला होता. आवाज मऊ, चेहरा थकलेला.

"मुलगा सकाळी निघाला तेव्हा पिस्तूल भरलेलं होतं का, विचारा."

सरलाने विचारलं.

"भरलेलं होतं," माई म्हणाल्या.

"वन इन द चेंबर?"

सरला अडखळली. चेंबर म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर वकिलाची खोली यायची. पिस्तुलात गोळी ठेवायची जागा असणार, असं धरून तिने विचारलं, "माई, आत गोळी होती का?"

"होत्या ना. मीच तर..." माईंना पुढे बोलवेना. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि त्या हमसून रडायला लागल्या.

सरलाने थोडा वेळ वाट पाहिली. मग सार्जंटकडे वळून ती म्हणाली, "येस."

हॅलोरनने तो शब्द लिहून घेतला आणि वही मिटली. "म्हणजे मला वाटलं तेच," तो उठता उठता म्हणाला. "अपघात."

२

शनिवारी सकाळी सही करायला म्हणून सरला त्याच्या ऑफिसात गेली. टाइप केलेला कागद अर्ध्या पानाचा होता. शेवटची ओळ अशी होती, की घरातून निघताना पिस्तुलाच्या चेंबरमध्ये एक गोळी होती असं मृताच्या आईने सांगितलं.

पेन हातात घेऊन तिने विचारलं, "चेंबर म्हणजे नेमकं काय?"

हॅलोरनने आपलं पिस्तूल काढलं, रिकामं केलं आणि तिच्यासमोर धरलं. "मॅगझिन इथे, मुठीत बसतं. गोळ्या त्यात. पण मॅगझिन नुसतं बसवून पिस्तूल उडत नाही. वरचा हा भाग मागे ओढून सोडला की पहिली गोळी वर सरकते आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. ती जागा म्हणजे चेंबर. काही लोक तिथे गोळी ठेवून हिंडतात. चाप ओढला की काम झालं. काही लोक चेंबर रिकामा ठेवतात. वेळ आली की आधी हे मागे ओढायचं आणि मग झाडायचं. दोन सेकंद जातात, आवाजही होतो."

"आणि या केसमध्ये?"

"तुमच्या या माणसाने मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं झालं असं समजला, आणि साफ करायला घेतलं. चेंबरमध्ये एक राहिली होती. असे लोक मी पाहिलेत."

तिने 'आत' विचारलं होतं, आणि माईंनी आतच सांगितलं होतं. एक गोळी विचारली तर त्या 'होत्या' म्हणाल्या होत्या. तेव्हा ते तिच्या कानांवरून गेलं, आता मात्र लख्ख ऐकू येत होतं.

"चेंबर रिकामा असता तर?" तिने विचारलं.

हॅलोरनने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तर तो अपघात नाही. मग दुसऱ्या कुणीतरी त्यात गोळी सारली. पण त्याचा पार्टनरही हेच सांगतो." त्याने फाइल पुढे ओढून वाचलं. "'आमचा यावर रोज वाद व्हायचा. तो चेंबर रिकामा ठेवायचा. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या शेडवर दरोडा पडला, तेव्हा त्याला माझं पटलं. तेव्हापासून घरूनच एक गोळी चेंबरमध्ये घालायचा, मॅगझिनमध्ये एक कमी झाली की ती भरून घ्यायचा, आणि मग निघायचा.' टेबलावर मॅगझिनमध्ये सात मिळाल्या आणि एक उडालेली. एकूण आठ. हिशेब जुळतो."

सरलाने पेन खाली ठेवलं. "मी सही आज करत नाही. मला माईंना पुन्हा एकदा विचारायचंय."

"सोमवारपर्यंत थांबतो. पण म्हातारीचं मंगळवारचं विमान आहे," हॅलोरन म्हणाला. "मिस्टर वझे तिला सोडायला जाणार आहेत. एकदा ती गेली की मी कुणाला विचारणार?"

३

रविवारी दाबकेंच्या घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. कुणी भात आणला होता, कुणी पोळ्या. सरला मालिनीला घेऊन मागच्या अंगणात आली. जगन्नाथची बायको चार दिवसांत पार वाळल्यासारखी दिसत होती.

"मालिनी, पिस्तुलाबद्दल तुमचं काय बोलणं झालं होतं?"

"भांडणच. मला ते घरातच नको होतं. तो म्हणायचा, चेंबर रिकामा आहे, माझ्या हातूनसुद्धा उडणार नाही, घाबरतेस काय. श्रीराम म्हणायचा, मग ते कमरेला बांधून फायदा काय, त्यापेक्षा दगड ठेव. प्रत्येक जेवणाला हाच विषय." तिने डोळे पुसले. "बुधवारी डबा द्यायला गेले तर परत तेच काढलं. म्हटलं, एक तर ते राहील नाहीतर मी. आणि निघून आले. बारा वाजले असतील. शेवटचं बोलणं ते."

"श्रीराम होता तिथे?"

"माल पाठवायला कुरियरकडे चाललो म्हणून माझ्याबरोबरच बाहेर पडला."

"परत गेला का?"

"मी गाडी काढली आणि आले. कुणाला पाहत बसले नाही गं." मालिनी थांबली. "का विचारतेस?"

"सांगते नंतर," म्हणून सरला आत गेली. किचनमध्ये विनीता भांडी विसळत होती. पुण्याहून इंजिनिअर होऊन एमएस करायला आलेली मुलगी, कंपनीत चिप्स तपासायचं काम करायची. पोलिसांनी तिला दोनदा बोलावलं होतं, कारण जगन्नाथला जिवंत पाहणारी शेवटची तीच होती. सरलाने तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि शेजारी उभं राहून पुसायला लागली.

"बुधवारी सकाळी काय झालं गं?"

विनीताने दाराकडे पाहिलं. "सरलाताई, मी पोलिसांना हे सांगितलं नाहीये. व्हिसाची भीती वाटते. सकाळी मी सरांना टेस्टच्या खोलीत नेलं. एका लॉटमधल्या चिप्स मायक्रोस्कोपखाली दाखवल्या. वरचं जुनं प्रिंट घासून काढलेलं आणि नवं मारलेलं. स्लो चिप फास्ट म्हणून विकायची. तो लॉट हॉस्पिटलची हार्ट मॉनिटर बनवणाऱ्यांना जाणार होता."

"कुणाचं काम हे?"

"तो लॉट श्रीराम सर बघत होते. दाबके सर तासभर माझ्याजवळ बसले, एकेक चिप पाहिली. मग म्हणाले, मी कस्टमरला आज दुपारी फोन करणार, पण आधी श्रीरामला सांगतो, मित्र आहे."

"आणि पिस्तूल? ते बरोबर होतं?"

"नाही. अंगातल्या स्थिर विजेने चिप्स बिघडू नयेत म्हणून त्या खोलीत कोट घालून, हाताला वायरची पट्टी बांधून बसावं लागतं. ते पिस्तुलाचा पट्टा काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आले होते. बाहेर आले की परत बांधायचे, जेवायला बसले की पुन्हा काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. बांधायच्या आधी दर वेळी मॅगझिन काढून बघायचे. बाजूला बारीक भोकं असतात ना, त्यातून गोळ्या दिसतात. सात आहेत ना बघायचे आणि परत घालायचे. आम्ही हसायचो."

"त्या तासात बाहेर ऑफिसात कोण होतं?"

विनीताचे हात साबणाच्या पाण्यात तसेच थांबले. "श्रीराम सर," ती म्हणाली. "एकटेच."

४

माई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. बॅग अर्धी भरलेली होती. धाकट्या मुलाकडे नागपूरला परत जायचं होतं, पुढचे दिवस तिथेच करायचे होते. सरलाने दार लोटून घेतलं.

"माई, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं विचारलं. आज नीट विचारते. मॅगझिन वेगळं असतं, आणि नळीत गोळी असणं वेगळं. तुम्ही नेमकं काय पाहिलं होतं?"

माईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची नजर आज स्वच्छ होती.

"बाई, माझं सगळं आयुष्य बंदुकीच्या घरात गेलं. हे चंद्रपूरला फॉरेस्टात रेंजर होते. बारा बोअर होती आमच्याकडे. एकदा भिंतीला टेकवलेली बंदूक घसरली आणि उडाली. आमच्या शिपायाचा पाय गेला. आत काडतूस आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ऑक्टोबरात इथे आले, जगूच्या कमरेला हे बघितलं आणि त्याला शपथ घातली. म्हटलं, घ्यायचं तर घे, पण नळीत गोळी घालून हिंडायचं नाही. आणि घरात पाऊल टाकलं की सगळ्या गोळ्या माझ्या हातात."

"मग?"

"संध्याकाळी सात गोळ्या मला द्यायचा. मी डब्यात ठेवायची. सकाळी सात मोजून द्यायची. माझ्यासमोर त्या मॅगझिनमध्ये भरायचा, मॅगझिन पिस्तुलात घालायचा आणि जायचा. वरचं ते कधी ओढलं नाही. ओढल्याचा आवाज मला कळतो."

"शेजारी दरोडा पडल्यावरही नाही?"

"त्यानंतर मीच म्हटलं, बाबा, तुला भीती वाटत असेल तर शपथ सोडवते. तर म्हणाला, नको माई, मला अशीच झोप लागते." माईंचा आवाज बारीक झाला. "रोज रात्री हेच मनात येतं. मी शपथ घातली नसती, तर तो स्वतःला वाचवू शकला असता का."

सरलाने विचारलं, "तो गोळ्यांचा डबा कुठंय?"

माई उठल्या. कपाटातून त्यांनी तुरीच्या डाळीचा डबा काढला, डाळीत हात घातला आणि पुठ्ठ्याचं एक खोकं बाहेर काढलं. "पोलिसांनी पिस्तूल नेलं, हे कुणी विचारलंच नाही. पन्नासाचं खोकं. नवं आणलं तेव्हापासून यातल्या सातच बाहेर गेल्यात, त्याच रोज यायच्या जायच्या. नेम धरायला जायचा तिथल्या गोळ्या तिथेच विकत घ्यायचा."

"म्हणजे यात त्रेचाळीस हव्यात."

"त्रेचाळीसच आहेत."

"मोजू या."

दोघींनी चादरीवर गोळ्या मांडायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस. त्या माणसाने घरून आठ गोळ्या नेल्या असत्या तर इथे बेचाळीस निघायला हव्या होत्या. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

दारावर टकटक झाली.

"माई, आत येऊ का?" श्रीरामचा आवाज होता.

५

माईंनी बॅगेवरचं लुगडं ओढून चादरीवर टाकलं आणि दार उघडलं तेव्हा सरला त्या लुगड्याची घडी घालायचं नाटक करत होती. घडी उचलता येत नव्हती, म्हणून तिने हात नुसता त्यावर दाबून धरला.

श्रीराम वझे पंचेचाळिशीचा, उंच, नीटनेटका माणूस. चार दिवस या घराचं सगळं त्यानेच बघितलं होतं, विमान कंपनीचे फोन, फ्युनरल होम, भटजी. जाकीट त्याने घरातही काढलं नव्हतं.

"सरलाताई, तुम्ही इथे? काही विशेष?"

"बॅग भरायला मदत करतेय."

"पोलिसांचं काही राहिलंय का? हॅलोरन म्हणत होता, तुमची सही बाकी आहे."

"उद्या करते. लायब्ररीतून सुटका झाली नाही."

तो दाराशीच उभा राहिला. त्याची नजर पलंगावरून फिरली आणि लुगड्यावर क्षणभर थांबली असं सरलाला वाटलं. लुगड्याखाली एक गोळी गादीच्या उतारावरून हळूच घरंगळली. तिने कोपराने ती अडवली.

"माई," श्रीराम म्हणाला, "जगन्नाथच्या गोळ्यांचं खोकं घरात असेल. ते असं पडून राहणं बरं नाही. मला द्या, पोलिसांकडे जमा करून टाकतो."

माईंनी पदर सावरला. बहात्तर वर्षांच्या त्या बाईने त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"ते मी त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकलं रे. डोळ्यांसमोर नको झालं होतं. गुरुवारी गाडी येऊन घेऊन गेली."

"सगळं?"

"सगळं."

श्रीरामने श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. "बरं केलंत, माई," तो म्हणाला. "अगदी बरं केलंत. मंगळवारी दहाला येतो गाडी घेऊन." आणि तो गेला.

त्याची पावलं हॉलमध्ये विरेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

"पोलिसांना द्यायचं होतं म्हणाला," माई हळू आवाजात बोलल्या. "मग ते गेलं म्हटल्यावर खूश का झाला?"

सरलाने गोळ्या खोक्यात भरल्या, खोकं पर्समध्ये घातलं आणि चेन लावली. मागच्या दाराने बाहेर पडून तिने कोपऱ्यावरच्या फोन बूथवरून हॅलोरनला घरी फोन लावला.

"सार्जंट, बुधवारी मी तुम्हाला 'येस' म्हणाले ते चूक होतं. चूक माझी आहे, बाईंची नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या पर्समध्ये त्रेचाळीस गोळ्या आहेत."

६

सोमवारी सकाळी हॅलोरन दाबकेंच्या घरी आला. दुरुस्त जबाब घ्यायचा आहे, कंपनीच्या लोकांनीही असावं, असा निरोप त्याने दिला होता. बरोबर एक दणकट तरुण पोलीस होता. हॉलमध्ये माई, मालिनी, विनीता, श्रीराम आणि माईंच्या शेजारी सरला.

"मिस्टर वझे, पिस्तूल जवळ आहे?" हॅलोरनने सहज विचारलं.

"आहे. परवाना आहे."

"शंकाच नाही. घरात दुःख आहे, बोलणं होईपर्यंत माझ्या माणसाकडे द्या."

श्रीरामने जाकिटाआडून पिस्तूल काढून दिलं. तरुण पोलिसाने ते रिकामं केलं. चेंबरमधून एक गोळी निघाली. मॅगझिनमधून सात.

"नेहमी असंच ठेवता?"

"नेहमी. दरोडेखोर तुम्हाला दोन सेकंद देत नाही. एक चेंबरमध्ये, मॅगझिन परत पूर्ण. जगन्नाथलाही मी हेच शिकवलं."

"तो घरून असंच भरून यायचा."

"हो. घरून, स्वतःच्या खोक्यातून. मला त्याने सांगितलं होतं."

"तुम्ही त्याला कधी गोळ्या दिल्या? एखादी?"

"कधीच नाही. त्याच्या त्याच्याकडे होत्या."

"नक्की?"

"नक्की."

हॅलोरनने मान हलवली आणि तो माईंकडे वळला. माई बोलल्या, सरलाने इंग्रजीत सांगितलं. या वेळी प्रत्येक वाक्य वेगळं, आणि कुठे शंका आली तर आधी माईंना विचारून. शपथ. संध्याकाळच्या सात. सकाळच्या सात. मग सरलाने पर्समधून खोकं काढून टीपॉयवर ठेवलं. हॅलोरनने सगळ्यांसमोर गोळ्या मोजल्या.

खोकं दिसताच श्रीराम माईंकडे वळला. "माई, तुम्ही तर म्हणालात..."

"म्हणाले," माई म्हणाल्या.

"त्रेचाळीस," हॅलोरन म्हणाला. "घरून गेल्या सात. ऑफिसात सापडल्या आठ. आठवी कुठून आली? मिसेस दाबके तिथे बाराला होत्या, भांडल्याही. पण त्यांच्याकडे गोळ्या नाहीत, आणि या खोक्याला त्यांनी हात लावला असता तर इथे एक कमी निघाली असती. ही मुलगी घ्या. तिने ड्रॉवरमधून पिस्तूल काढून झाडलं असतं तर आधी वरचा भाग ओढावा लागला असता. पहिली गोळी वर गेली असती आणि मॅगझिनमध्ये सहा उरल्या असत्या. सापडल्या सात. ज्याच्या खिशात त्याच जातीची जास्तीची गोळी होती, त्यानेच हे केलंय."

"पण आठवी घातलीच कशाला?" मालिनीने मराठीतच विचारलं. सरलाने ते सार्जंटला सांगितलं, आणि मग, त्याची परवानगी घेतल्यासारखं त्याच्याकडे पाहून, उत्तर तिनेच दिलं.

"जगन्नाथ आणि विनीता तासभर टेस्टच्या खोलीत होते. पिस्तूल ड्रॉवरमध्ये होतं. आत आपलाच लॉट तपासताहेत आणि काय सापडणार, ते श्रीरामला कळलं होतं. दुपारी जगन्नाथच्या समोर ड्रॉवरमधून पिस्तूल उचलून वरचा भाग ओढला असता, तर आवाज झाला असता आणि जगन्नाथला दोन सेकंद मिळाले असते. म्हणून त्याने ते आधीच ओढून ठेवलं. पण मग मॅगझिनमध्ये सहा राहिल्या. जगन्नाथ पट्टा बांधायच्या आधी भोकांतून सात बघायचा. सहा दिसल्या असत्या तर त्याला संशय आला असता. म्हणून स्वतःची एक घालून सात पूर्ण केल्या. मालिनीबरोबर बाहेर पडला, विनीताला जाताना पाहिलं आणि परत आला. जगन्नाथने त्याला चिप्सचं सांगितलं. मित्र म्हणून. श्रीरामने ड्रॉवरमधलं पिस्तूल घेऊन झाडलं, आपोआप वर चढलेली पुढची गोळी काढून परत मॅगझिनमध्ये घातली, आणि पिस्तूल साफ करत असल्याचा देखावा मांडला."

विनीता उभी राहिली होती. "मी चिप्सचं सगळं सांगते," ती सार्जंटला म्हणाली. "घासलेला लॉट अजून शेडमध्ये आहे."

श्रीराम दाराकडे वळला. तरुण पोलीस आधीच तिथे होता.

७

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. माई तेवढ्यासाठी थांबल्या. मंगळवारचं तिकीट त्यांनी स्वतःच कॅन्सल करायला लावलं होतं. घासलेल्या चिप्सचा लॉट पोलिसांच्या ताब्यात गेला, आधी गेलेला माल मॉनिटरवाल्यांनी परत मागवला, आणि विनीताचा व्हिसा शाबूत राहिला.

बचावाच्या वकिलाने सगळा जोर सरलावर लावला.

"त्या बुधवारी तुम्ही पोलिसांना 'येस' सांगितलंत. आता म्हणता ते चूक होतं. चेंबर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तरी तुम्ही भाषांतर केलंत."

"हो."

"मग आज या बाईंच्या नावाने तुम्ही जे सांगताय, त्यावर ज्यूरीने विश्वास का ठेवायचा?"

सरलाला मालिनी दिसत होती, ओठ घट्ट मिटलेली. ही यादी, हे काम, पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे सगळं तिने महिनाभर मनात घोळवलं होतं. आता त्याचं काही वाटलं नाही.

"ठेवू नका," ती म्हणाली. "दुसरा दुभाषी आणा आणि त्यांना पुन्हा विचारा. मी बाहेर बसते."

न्यायाधीशांनी तसंच केलं. लॉस अँजेलिसहून एकनाथ परचुरे नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. माईंना ओळखत नव्हते, सरलाला ओळखत नव्हते. सरला दोन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिली. माईंनी आत जे सांगितलं, त्यात एका गोळीचाही फरक पडला नाही. ज्यूरीने श्रीरामला दोषी ठरवायला एक दिवस घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी माई हॅलोरनला भेटायला गेल्या. सरला बरोबर होती. जगन्नाथच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा 'अपघात' हा शब्द आता काढला होता, तो कागद त्यांनी घेतला, पण त्या उठेनात.

"त्याला एक विचार," त्या सरलाला म्हणाल्या. "जगूने श्रीरामसारखी नळीत गोळी ठेवली असती तर तो वाचला असता का? खरं सांगायला सांग."

सरलाने जसंच्या तसं विचारलं.

"मी एकोणीस वर्षं चेंबरमध्ये गोळी ठेवून हिंडतोय," हॅलोरन म्हणाला. "तशी नसती तर एकदा मेलो असतो. म्हणून कुणी विचारलं तर मी ठेवा म्हणतो. पण ते रस्त्यावर, अनोळखी माणसासमोर. तिच्या मुलाचं पिस्तूल ड्रॉवरमध्ये होतं, आणि समोर वीस वर्षांपासूनचा मित्र. तो त्याला सुधारायची संधी देत होता, त्याचा हात पिस्तुलाकडे गेलाच नसता. चेंबर भरलेला असता तर वझेला सकाळची मेहनत पडली नसती, एवढाच फरक."

सरलाने सगळं सांगितलं, रस्त्यावरचं वाक्यसुद्धा. माईंनी ते ऐकून घेतलं. हातातला कागद त्यांनी चार घड्या करून पिशवीत ठेवला.

"म्हणजे माझ्या शपथेपायी गेला नाही तो," त्या म्हणाल्या.

सरलाने हेही इंग्रजीत सांगितलं.

"नो, मॅम," हॅलोरन थेट माईंकडे बघून म्हणाला.

तेवढं सरलाला मराठीत सांगावं लागलं नाही.